माजघरातला स्कॅनर: प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्याने उंचसखलपणा मोजायला शिकताना

एक प्रोजेक्टर, एक कॅमेरा, एक लॅपटॉप. एवढ्यावर एखाद्या मूर्तीचा, दगडाचा, करवंटीचा उंचसखलपणा मिलिमीटरच्या हिशेबात मोजता येतो. पद्धतीचं नाव स्ट्रक्चर्ड लाइट: माहीत असलेली नक्षी वस्तूवर टाकायची आणि ती कुठे किती सरकली यावरून वस्तूचा आकार काढायचा. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा पहिला किनेक्ट, म्हणजे व्हिडिओ गेमसाठीचा सेन्सर, याच तत्त्वावर चालायचा, फक्त त्याची नक्षी डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची होती. त्यातलं तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं. २०१३ मध्ये ॲपलने ती कंपनी घेतली, आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखायला ३० हजारांहून जास्त ठिपके टाकणारा इवलासा प्रोजेक्टर आला.

तयार डेप्थ कॅमेरे, म्हणजे वस्तूची खोली मोजणारे कॅमेरे, बाजारात मिळतात. घाई असेल तर खुशाल घ्या. पण शिकायचं असेल तर स्वतः मांडून बघा, कारण तयार डब्यात मोजमाप चुकलं की का चुकलं ते कळायला मार्ग नसतो. एक गोष्ट आधीच सांगतो. नव्या माणसाचं काम बहुतेक वेळा प्रोग्रामपाशी अडत नाही. प्रोग्राम फुकट आणि तयार मिळतो. काम अडतं ते उजेडापाशी: जागेतला अंधार, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि समोरच्या वस्तूचा पृष्ठभाग. म्हणून या लेखात कोड जवळजवळ नाही आणि पडदे, कौलं, चिकटपट्ट्या बऱ्याच आहेत.

प्रश्न एकच: हा उजेड कितव्या स्तंभाचा?

१२८० बाय ७२० पिक्सेलचा प्रोजेक्टर धरू. त्याच्या चित्रात १२८० उभे स्तंभ आहेत. एकच स्तंभ पेटवला तर उजेडाचं एक पातळ, सपाट पान हवेत उभं राहतं आणि वस्तूवर वाकडीतिकडी रेघ उमटते. दुसरीकडे कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलमधून एक सरळ रेषा बाहेर जाते. ती रेषा त्या पानाला जिथे भेटते तो वस्तूवरचा बिंदू. दोन्ही यंत्रांच्या जागा ठाऊक असल्या की पुढचं गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचं.

अडचण एवढीच की कॅमेऱ्याच्या या पिक्सेलला दिसणारा उजेड १२८० पैकी कितव्या स्तंभातून आला, हे कळायला हवं. एकेक स्तंभ पेटवून फोटो काढायचे तर १२८० फोटो. त्याऐवजी प्रत्येक स्तंभाला काळ्या-पांढऱ्याचा एक क्रमांक देता येतो. पहिल्या चित्रात अर्धा पडदा काळा, अर्धा पांढरा. पुढच्या चित्रांत पट्टे बारीक बारीक होत जातात. अकरा चित्रांत २०४८ वेगवेगळे क्रमांक बसतात, म्हणजे १२८० स्तंभांना ते पुरून उरतात. ७२० ओळींसाठी दहा चित्रं.

क्रमांक साध्या द्विमान पद्धतीने दिले तर मात्र सीमेवर घोळ होतो. ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००. शेजारच्या दोन स्तंभांत चारही अंक उलटतात, आणि सीमेवर बसलेल्या पिक्सेलने त्यातला एखादा जरी चुकीचा वाचला तर उत्तर थेट शून्यावर किंवा पंधरावर जाऊन पडतं. बेल लॅब्जमधल्या फ्रँक ग्रे यांनी १९४७ मध्ये अर्ज करून १९५३ मध्ये पेटंट मिळवलेल्या सांकेतिक मांडणीत ७ म्हणजे ०१०० आणि ८ म्हणजे ११००. एकच अंक बदलतो. तो चुकला तरी चूक एका स्तंभाची. हाच ग्रे कोड. संख्या आणि तिचा अपूर्णांक सोडून घेतलेला अर्धा भाग यांचा एक्सॉर केला (अंक वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) की तो मिळतो.

आणखी एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या. प्रत्येक चित्रानंतर त्याचं उलटं चित्रही दाखवायचं: काळ्याच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी काळं. मग 'अमुक इतका उजेड म्हणजे पांढरं' अशी रेघ मारावी लागत नाही. पिक्सेलने स्वतःच्याच दोन वाचनांत कुठलं जास्त ते पाहायचं. दगड तांबडा असो की राखाडी, फरक पडत नाही. २१ चित्रं, त्यांची २१ उलटी, एक पूर्ण पांढरं, एक पूर्ण काळं: ४४ झाली. एका चित्राला पाव सेकंद दिला तर अकरा सेकंदांत काम आटोपतं.

आधी अंधार

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स उजेड पडतो. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर एक चौरस मीटरवर सगळा उजेड ओतेल तेव्हा ३००० लक्स. म्हणजे दिवसा खळ्यात किंवा ओटीवर हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. पट्टे दिसलेच तरी कॅमेऱ्याला वाचता येणार नाहीत.

कोकणातल्या जुन्या घरात यासाठी बांधून ठेवल्यासारखी जागा असते ती म्हणजे माजघर. भिंती जाड, खिडकी नाही किंवा नावाला. फक्त वर बघा. छपरात उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल असेल तर त्यावर आतून काळा कागद लावा, नाहीतर ढग सरकतील तसा तुमचा उजेड बदलत राहील आणि पट्टा व त्याचा उलटा पट्टा यांच्यामध्ये सगळं बिनसेल. जमीन कोब्याची किंवा फरशीची असेल तर उत्तम. माळ्यावरच्या लाकडी तक्तपोशीवर मांडणी करू नका. शेजारून कोणी चाललं तरी कॅमेरा डुलतो. पंखा बंद. उकडतं, पण इलाज नाही. ट्यूबलाइटही बंद: ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते.

चुन्याने पांढरी केलेली भिंत वस्तूच्या मागे किंवा बाजूला जवळ असेल तर तिच्यावर आपटलेला उजेड परत वस्तूवर येतो आणि काळे पट्टे राखाडी होतात. मागे काळी चादर टांगा. वीज मधेच जाणं आपल्याकडे गृहीत धरायचं असतं, विशेषतः जूनपासून पुढे. दिव्याच्या प्रोजेक्टरला अचानक बंद पडणं सोसत नाही, आतला पंखा थांबतो आणि दिवा तापलेलाच राहतो. इन्व्हर्टरवर लावा किंवा एलईडीचा प्रोजेक्टर घ्या.

प्रोजेक्टरला गप्प बसवणं

प्रोजेक्टर विकत घेण्याआधी शाळेत, वाडीतल्या मंडळात, मंडपवाल्याकडे विचारा. मॅच दाखवायला आणलेला एखादा सापडतोच. नवा घेणार असाल तर खोक्यावरचे मोठे आकडे सोडून द्या. 'फुल एचडी सपोर्ट' लिहिलेल्या स्वस्त प्रोजेक्टरचं खरं, म्हणजे नेटिव्ह रिझोल्यूशन बरेचदा फारच कमी असतं. आपल्याला तेच लागतं, कारण आपण पाठवलेला प्रत्येक स्तंभ जसाच्या तसा बाहेर पडायला हवा.

तपासायची सोपी रीत आहे. एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचं चित्र बनवा आणि पूर्ण पडद्यावर दाखवा. भिंतीजवळ जाऊन पाहिलं तर सगळीकडे सारख्या बारीक रेघा दिसायला हव्यात. मधे मधे राखाडी लाटा किंवा पट्टे दिसले तर कुठेतरी चित्र ताणलं किंवा आवळलं जातंय. तेव्हा लॅपटॉपचं डिस्प्ले स्केलिंग १०० टक्के करा, प्रोजेक्टरला त्याचं नेटिव्ह रिझोल्यूशन द्या, आणि कीस्टोन शून्यावर आणा. कीस्टोन म्हणजे वाकडं चित्र चौकोनी दिसावं म्हणून प्रोजेक्टर स्वतःच करतो ती दुरुस्ती. घरच्या सिनेमाला ती हवी, आपल्याला नको. चित्र भिंतीवर तिरकं दिसलं तर दिसू द्या.

आपोआप चालणाऱ्या बाकीच्या सोयीही बंद करा: इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ऑटो फोकस, लॅपटॉपचा नाइट लाइट. माउसचा बाण पडद्यावरून हटवा, तोही चित्रात येतो. प्रोजेक्टर सुरू करून १५-२० मिनिटं तापू द्या. गरम होताना त्याचं चित्र किंचित सरकतं.

पट्टे पहिल्यांदा भिंतीवर लागले की आतून "टीव्ही बिघडलो काय रे?" अशी विचारणा होते. ती झाली म्हणजे प्रोजेक्टर नीट चालू आहे.

पहिला प्रयोग एका सेन्सरचा

बहुतेक लोक इथून उडी मारून कॅमेऱ्याकडे जातात. मी म्हणेन, थांबा. आधी एकाच सेन्सरवर हे करून पाहा. त्यात खोली मोजली जात नाही, फक्त सेन्सर पडद्यावर कुठे आहे ते कळतं. पण सगळी पद्धत हातात येते आणि चूक शोधायला २० लाख पिक्सेल उपसावे लागत नाहीत.

लागेल एक फोटोट्रान्झिस्टर, दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि आर्डुइनो उनो, म्हणजे सेन्सर वाचून लॅपटॉपला आकडे देणारा छोटा सर्किट बोर्ड. एलडीआर, म्हणजे उजेडाने रोध बदलणारा साधा सेन्सर, घेऊ नका, तो उजेड गेल्यावर सावकाश शुद्धीवर येतो. फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर पाच व्होल्टला, एमिटर रेझिस्टरमधून ग्राउंडला, आणि एमिटरपासून एक वायर ए-शून्य पिनला. वाचन ० ते १०२३ मध्ये येईल. सेन्सरचं तोंड प्रोजेक्टरकडे हवं, भिंतीकडे नाही. त्याच्याभोवती काळ्या चिकटपट्टीची छोटी नळी करा म्हणजे बाजूचा उजेड शिरणार नाही. पूर्ण पांढऱ्या चित्रावर वाचन १०२३ ला चिकटून बसत असेल तर रेझिस्टर कमी किमतीचा लावा. वरचं टोक गाठलेला सेन्सर काही सांगत नाही.

आता लॅपटॉपवरून एक चित्र दाखवायचं, थोडं थांबायचं, आर्डुइनोला वाचन मागायचं, पुढचं चित्र दाखवायचं. ते थांबणं महत्त्वाचं. लॅपटॉपने चित्र पाठवल्यावर प्रोजेक्टर ते लगेच टाकत नाही. मध्ये काही दशांश सेकंद जाऊ शकतात. पाव सेकंदापासून सुरू करा, जमल्यावर कमी करत न्या.

दुसरी गंमत डीएलपी प्रोजेक्टरची. त्यात लाल-हिरव्या-निळ्या काचांची चकती फिरत असते आणि पांढरा म्हणून दिसणारा उजेड खरं तर रंगांचे एकामागून एक झटके असतो. एकच वाचन घेतलं तर ते कुठल्या झटक्यावर पडेल याचा नेम नाही. उनोला एका वाचनासाठी सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. ३०० वाचनं घेऊन सरासरी काढली तर ती ६० हर्ट्झच्या साधारण दोन फ्रेमभर पसरते आणि झटके त्यात मिसळून जातात.

२१ जोड्या झाल्या की प्रत्येक जोडीत सरळ चित्राचं वाचन मोठं असेल तर १, उलट्याचं मोठं असेल तर ०. पहिले अकरा अंक ग्रे कोडमधून परत साध्या संख्येत आणा: सेन्सर कितव्या स्तंभात आहे ते मिळालं. उरलेल्या दहांतून ओळ मिळते. त्या जागी एक लाल ठिपका प्रोजेक्टरने टाकून पाहा. तो सेन्सरच्या डोक्यावर पडला की तुमचं अर्धं शिक्षण झालं. न पडला तर जोड्यांची वाचनं समोर मांडा. जाड पट्ट्यांत फरक शेकड्यांत असतो. ज्या जोडीत तो दहा-वीसवर आला तिथे गडबड आहे, आणि ती जवळजवळ नेहमी शेवटच्या, सर्वांत बारीक पट्ट्यांची असते. फोकस घासूनपुसून नीट करा.

हा नुसता सरावाचा खेळही नाही. एका पाटीच्या चार कोपऱ्यांत चार सेन्सर बसवले आणि चौघांच्या जागा काढल्या, तर पाटी कशीही तिरकी धरली तरी चित्र तिच्यावर बरोबर चौकटीत बसवता येतं. चार बिंदूंवरून निघणाऱ्या या रूपांतराला होमोग्राफी म्हणतात. सेन्सर बसवून प्रोजेक्टर आपोआप जुळवण्याची ही पद्धत जॉनी ली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडली. आपल्याकडे गणपतीच्या मागची भिंत रंगवायची किंवा तिथे देखावा करायची हौस घराघरात आहे. तिथे चित्र प्रोजेक्टरने टाकायचं असेल तर मखराच्या कोपऱ्यांत चार सेन्सर आणि अकरा सेकंद, मग हाताने कोपरे ओढत बसायला नको.

मग कॅमेरा

कॅमेरा म्हणजे असे २० लाख सेन्सर एकाच वेळी. वाचायची रीत तीच. साधा १९२० बाय १०८० चा वेबकॅम चालतो. मोबाइलही चालतो, पण त्यात हाताने एक्स्पोजर ठरवता येणारं ॲप हवं आणि एचडीआर वगैरे सुशोभन बंद हवं. फोकस, एक्स्पोजर (कॅमेरा किती वेळ उजेड घेतो), आयएसओ (उजेडाला तो किती संवेदनशील), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), चारही कुलूपबंद. एकही आपोआप बदलत राहिलं तर सरळ आणि उलटं चित्र वेगवेगळ्या मापाने मोजलं जाईल.

एक्स्पोजर प्रोजेक्टरच्या फ्रेमच्या पटीत ठेवा: ६० हर्ट्झला १/३० किंवा १/१५ सेकंद. १/५०० वर ठेवलंत तर फिरत्या चकतीमुळे एक फोटो लाल, एक हिरवा असा तमाशा होईल. पूर्ण पांढरं चित्र वस्तूवर टाकून फोटो घ्या आणि कुठे पिक्सेल २५५ ला, म्हणजे सर्वांत वरच्या आकड्याला, टेकलेत का पाहा. टेकले तर आयएसओ उतरवा, नाहीतर प्रोजेक्टरच्या चित्रातला पांढरा थोडा राखाडी करा.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा शेजारी शेजारी, दोन्हींची तोंडं वस्तूकडे. बाजूला कॅमेरा असेल तर उभे पट्टे कामाचे. कॅमेरा वर किंवा खाली लावलात तर आडवे. दोघांमधल्या अंतराला बेसलाइन म्हणतात, आणि सगळी अचूकता तिच्यावर टांगलेली असते. वस्तू एक मीटरवर, बेसलाइन ३० सेंटिमीटर, कॅमेरा साधारण ६९ अंश रुंद दिसणारा. एक मीटरवर त्याला सुमारे १.३७ मीटर रुंदी दिसते, म्हणजे एक पिक्सेल ०.७१ मिलिमीटरचा. पट्ट्याची कड अर्ध्या पिक्सेलने चुकली तर आडवी चूक ०.३६ मिलिमीटर. तिला बेसलाइन भागिले अंतर, म्हणजे ०.३ ने भागा: खोलीतली चूक १.२ मिलिमीटर. तीच वस्तू दोन मीटरवर नेली तर आडवी चूक दुप्पट आणि भागाकारही निम्म्याने, म्हणून खोलीतली चूक चौपट, ४.८ मिलिमीटर. तेव्हा जवळ या. बेसलाइन वाढवूनही अचूकता वाढते, पण मूर्तीच्या नाकाच्या एका बाजूला प्रोजेक्टरचा उजेड पोचतो आणि कॅमेऱ्याची नजर पोचत नाही, असे खड्डे वाढतात. अंतराच्या पाव ते एक तृतीयांश बेसलाइन मला पटते.

याच मांडणीत एक छुपी अडचण आहे. प्रोजेक्टरचं चित्र एक मीटरवर साधारण ६७ सेंटिमीटर रुंद पडत असेल तर एक स्तंभ ०.५२ मिलिमीटरचा. ग्रे कोडच्या शेवटच्या चित्रातले पट्टे दोन स्तंभ रुंद असतात, म्हणजे १.०४ मिलिमीटर. कॅमेऱ्याचा पिक्सेल ०.७१ चा. एका पट्ट्याला दीड पिक्सेल! काळं-पांढरं मिसळून राखाडी होणारच. अशा वेळी कॅमेरा जवळ घ्या किंवा अरुंद लेन्स वापरा. तेही जमत नसेल तर शेवटचं चित्र सरळ सोडून द्या. क्रमांक दोन-दोन स्तंभांचा मिळेल, पण खात्रीचा. खोटे बारीक अंक घेण्यापेक्षा ते बरं.

त्याहून बारीक काम हवं झालं की पट्ट्यांऐवजी लहरी: उजेड हळूहळू चढता-उतरता, आणि तीच लहर पाव-पाव सरकवून चार फोटो. चारांवरून प्रत्येक पिक्सेल लहरीत नेमका कुठे आहे ते निघतं, स्तंभाच्याही आत. पण प्रोजेक्टर उजेडाचे आकडे सरळ प्रमाणात टाकत नाही, त्यामुळे सपाट भिंतीवरही लाटा उमटतात, आणि ती दुरुस्ती हा वेगळा विषय आहे. ग्रे कोड पक्का होईपर्यंत तिकडे वळू नका.

मापं जुळवणं

आता कॅलिब्रेशन. कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. झेंगयू झांग यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली बुद्धिबळाच्या पटाची पद्धत आजही सगळीकडे चालते: काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट वेगवेगळ्या कोनांत धरून १५-२० फोटो घ्यायचे, आणि त्यावरून कॅमेऱ्याचा फोकस, केंद्र आणि लेन्सचा वाकडेपणा निघतो. पट सपाट असणं हीच यातली अट. कागदावर छापून पुठ्ठ्याला चिकटवलेला पट पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत एका रात्रीत पोक काढतो. फ्लेक्स छापणाऱ्याकडून सनबोर्डवर छापून घ्या, किंवा कागद काचेवर नीट चिकटवा. छापून आल्यावर चौकटीची बाजू पट्टीने मोजा. प्रिंटर मापं बदलतो.

प्रोजेक्टरचंही असंच कॅलिब्रेशन लागतं, पण त्याला डोळा नाही. युक्ती अशी की त्याच पटावर ग्रे कोडही टाकायचा. मग पटाचा प्रत्येक कोपरा प्रोजेक्टरच्या कितव्या स्तंभात आणि ओळीत आहे ते कळतं, जणू प्रोजेक्टरनेच फोटो काढला. इथे उभे आणि आडवे, दोन्ही पट्टे लागतात. डॅनियल मोरेनो आणि गॅब्रिएल टाउबिन यांनी २०१२ मध्ये ही रीत सोपी करून मांडली. प्रोग्रामसाठी ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी फुकट लायब्ररी घ्या, पण पायथनचं साधं पॅकेज नव्हे, 'कॉन्ट्रिब' नावाचं. स्ट्रक्चर्ड लाइटचा भाग त्यातच आहे. नक्षी बनवणं आणि वाचणं, दोन्ही त्यात तयार मिळतं.

एक बारकावा. प्रोजेक्टर टेबलावर ठेवला की चित्र वर फेकतो. त्याचं प्रकाशीय केंद्र चित्राच्या मध्यभागी नसतं, खालच्या कडेशी किंवा कडेबाहेरही असू शकतं. कॅलिब्रेशनमध्ये 'केंद्र मध्यभागी धरा' असा पर्याय चालू असेल तर बंद करा, नाहीतर सगळे आकडे शांतपणे वाकडे येतील. शेवटी येणारी रीप्रोजेक्शन चूक, म्हणजे हिशेबाने आलेली आणि फोटोत दिसलेली कोपऱ्यांची जागा यांतलं अंतर, अर्ध्या पिक्सेलच्या आत असावी. जास्त आली तर सर्वांत वाईट फोटो काढून टाकून पुन्हा चालवा.

त्या आकड्यावरही विसंबू नका. १२ मिलिमीटरच्या प्लायचा एक तुकडा मोठ्या तुकड्यावर ठेवा, दोन्हींना मॅट पांढरा रंग मारा आणि स्कॅन करा. पायरी १२ मिलिमीटरची आली पाहिजे. १४ आली तर वस्तूला हात लावू नका, कॅलिब्रेशनकडे परत जा. आणि एकदा जुळवल्यावर कॅमेरा किंवा प्रोजेक्टर केसभर हलला, झूमला हात लागला, तरी पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही एकाच लाकडी फळीवर बोल्टने आवळून टाका. वेगवेगळ्या ट्रायपॉडवर ठेवण्याचा मोह आवरा.

कुठली वस्तू देते, कुठली फसवते

पहिल्या स्कॅनसाठी जांभ्याचा चिरा घ्या. मॅट, खडबडीत, भोकाभोकांचा; उजेड सगळीकडे सारखा उधळतो आणि कॅमेऱ्याला कुठूनही दिसतो. शाडूची रंग न दिलेली मूर्ती त्याहून सुंदर येते. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, ओळख असेल तर रंगकामाच्या आधी विचारा, नंतर नाही. चकचकीत रंग चढला की काम अवघड.

सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी फळं म्हणजे नव्या माणसाची परीक्षा. लाखेच्या झिलईवर प्रोजेक्टरचा दिवा ठिपक्यासारखा चमकतो, तिथे पिक्सेल २५५ ला जाऊन बसतो आणि सरळ-उलट्यातला फरक पुसला जातो. तांब्या-पितळेची भांडी त्याहून वाईट. भांडं आतून पोकळ असेल तर एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूवर आपटतो आणि पट्टे तिथे नसलेल्या जागी दिसतात. घरच्या वस्तूवर टाल्कम पावडरचा हलका हात मारला तर चमक मरते. जुन्या, मोलाच्या किंवा दुसऱ्याच्या वस्तूवर हे करू नका.

आंबा दिसायला सोपा वाटतो, पण पिकल्या हापूसच्या सालीत उजेड थोडा आत शिरून पसरतो. पट्ट्यांच्या कडा मऊ होतात, बारीक पट्टे विरघळतात. मेणबत्ती, संगमरवर, माणसाची कातडी यांचंही तसंच. ओला मासा मात्र सोडून द्या. आणि काजळी धरलेला तवा उजेड गिळून टाकतो. एक्स्पोजर कितीही वाढवा, हाती फार काही लागत नाही.

वाचताना एक चाळणी जरूर लावा: ज्या पिक्सेलवर पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या चित्रांत पुरेसा फरक नाही, तो टाकून द्या. नाहीतर सावलीतले पिक्सेलही काहीतरी क्रमांक सांगतात आणि हवेत ठिपक्यांची माशी भणभणते. उरलेले बिंदू पीएलवाय या त्रिमितीय फाइलमध्ये ठेवून मेशलॅब किंवा क्लाउडकंपेअर या प्रोग्राममध्ये उघडा, दोन्ही फुकट आहेत. वस्तू फिरवून सहा-आठ बाजूंनी स्कॅन केले असतील तर ते तिथेच एकमेकांना जुळवता येतात.

सड्यावर जायचं झालं तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे शिकलेला माणूस कधी ना कधी कातळशिल्पांचा विचार करतोच. उक्षी, बारसू, काशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी: जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कोरलेल्या आकृत्या, ज्या २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. पृष्ठभाग या पद्धतीला फारच सोयीचा. पण आधी परवानगी, पुरातत्त्व विभागाची आणि जमीनमालकाचीही. पावडर, खडू, पाणी काहीही टाकायचं नाही, कोरीव रेघेवर ट्रायपॉड टेकवायचा नाही.

शिवाय पूर्ण आकृती यात मोजू नका. मोठी कातळशिल्पं अनेक मीटर लांब आहेत. त्यांच्यासाठी शेकडो साध्या फोटोंवरून आकार काढणारी फोटोग्रामेट्री सरस आहे, आणि ती दिवसाउजेडी होते. आपली पद्धत एका चौरस मीटरच्या तुकड्याला: कोरीव रेघ किती खोल आहे, कड किती झिजली आहे, हे मोजायला. काम अर्थातच रात्रीचं, शक्यतो अमावास्येच्या आसपास. सड्यावर वारा अडवायला काही नसतं, फळीला दगडांचं वजन बांधा. कापडी आडोसा उभारला तर तो वाऱ्याने फडफडतो आणि त्याच्यावरचा उजेड हलतो, म्हणून तो लांब ठेवा. बॅटरी-इन्व्हर्टर नेताना प्रोजेक्टर किती वॉट ओढतो ते आधी पाहा.

परत आल्यावर, आणि एकूणच किनाऱ्याजवळ राहत असाल तर, खाऱ्या हवेचा बंदोबस्त करा. आर्डुइनोच्या उघड्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि वाचनं उगाच उड्या मारू लागतात. लेन्सवर पावसाळ्यात बुरशी येते, ती आतल्या काचेवर गेली की पुसता येत नाही. कॅमेरा आणि सेन्सर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की वाळवून घ्या. प्रोजेक्टर महिन्यातून दोन-तीनदा तासभर चालवा. प्रत्येक स्कॅनचे मूळ ४४ फोटो आणि त्या दिवशीची कॅलिब्रेशन फाइल एकाच फोल्डरमध्ये, तारखेसह ठेवा. वाचण्याचा प्रोग्राम पुढे सुधारला की तेच फोटो पुन्हा त्यातून काढता येतात.